कॅटमधला फोटो आणि पेशीतली धावपळ: प्रथिनं जिवंत पेशीत काम करताना कशी बघतात?

रेवाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी इंदूरला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. बाबा कॅटमध्ये होते. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र असं नाव होऊन बरीच वर्षं झाली, पण आम्हा इंदूरकरांच्या तोंडी अजून कॅटच आहे. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी इंडस-२ च्या व्हॅक्यूमच्या कामात काढली. साधारण १७२ मीटर घेराचं ते कडं. त्यात इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने फिरतात, वळताना क्ष-किरण सोडतात, आणि त्या किरणांच्या एका वाटेवर प्रथिनांचे स्फटिक ठेवून त्यांची रचना शोधतात. आमच्या घरात प्रथिन म्हटलं की डाळ आठवायच्या आधी स्फटिक आठवतो.

गेल्या महिन्यात वर्गात हिमोग्लोबिनचं चित्र लावलं होतं. चार साखळ्या, मधे लोहाचे चार अणू. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे ऑक्सिजन घेताना कुणी पाहिलंय का, की नुसतं घेऊन झाल्यावरचं चित्र आहे?" मी तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली नाही, "शोधून सांगते" म्हणाले. तेव्हापासून रोज रात्री वाचतेय. जे कळलं ते इथे मांडते. चुकलं तर दुरुस्त करा, जाणकारांनी भर घाला.

प्रथिनाची पहिली त्रिमितीय रचना १९५८ मध्ये जॉन केंड्रूने काढली. प्रथिन होतं मायोग्लोबिन. १९७१ मध्ये अशा रचनांची सार्वजनिक पेढी सुरू झाली तेव्हा तिच्यात ७ रचना होत्या, आज दोन लाखांहून जास्त आहेत. आल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने तर २०२२ पर्यंत २० कोटींहून अधिक रचनांचे अंदाज खुले केले आणि २०२४ चं रसायनाचं अर्धं नोबेल त्या कामाच्या वाट्याला आलं. ही सगळी मिळकत प्रचंड आहे, तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ते जवळजवळ सगळे फोटो आहेत. एक प्रथिन, शुद्ध केलेलं, शेजारी दुसरं कुणी नाही, थांबलेलं.

पेशीत असं काही नसतं. एका घन मायक्रोमीटरमध्ये साधारण २० ते ४० लाख प्रथिनांचे रेणू असतात. एकमेकांना घासत, धडकत. प्रत्येकाचा जन्म, वय आणि मरण वेगळं. दुपारी सराफ्याचा फोटो काढला तर सोन्याची दुकानं दिसतील, रात्री अकराला त्याच गल्लीचा काढला तर भुट्ट्याचा कीस आणि गराडू. दोन्ही फोटो खरे. सराफा म्हणजे काय हे मात्र दोन्हींतून कळत नाही, कारण संध्याकाळी शटर खाली येतात आणि ओट्यांवर कढया चढतात ती वेळ दोन्हींत नाही.

मला पटलेलं एक उदाहरण सांगते, कारण ते आमच्या घरातलं आहे. बाबांना मधुमेह आहे. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत साखर आत घेणारं एक प्रथिन असतं, ग्लुट-४. इन्सुलिन नसताना ते बहुतेक पेशीच्या पोटात, छोट्या पिशव्यांमध्ये बसलेलं असतं. इन्सुलिन आलं की काही मिनिटांत पृष्ठभागावर येतं. हे आतून बाहेर येणं पहिल्यांदा १९८० मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडलं. त्यांनी इन्सुलिनच्या आधीच्या आणि नंतरच्या पेशी फोडून आतला भाग व बाहेरचं आवरण वेगळं केलं आणि कुठे किती आहे ते मोजलं. म्हणजे दोन फोटो.

आता यातली गोम बघा. पृष्ठभागावरची संख्या वाढली. का वाढली? आतून येणारे वाढले म्हणून, की परत आत जाणारे कमी झाले म्हणून? दोन्हींचा फोटो अगदी सारखा येतो. पण औषध शोधणाऱ्यासाठी ही दोन पूर्णपणे वेगळी दारं आहेत. उत्तर मिळालं ते पेशी जिवंत ठेवून, घड्याळ लावून बघितल्यावर: ग्लुट-४ कधीच थांबलेलं नसतं, इन्सुलिन नसतानाही त्याची आत-बाहेर फेरी हळूहळू चालूच असते, आणि इन्सुलिन मुख्यतः बाहेर येण्याचा वेग वाढवतं.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण मुलांना बाणांची आकृती काढून देतो, पण तो बाण कुणी आणि कसा मोजला हे सांगतच नाही. इथे कुणी या क्षेत्रात काम करणारं असेल तर कृपया लिहा. हे सगळं बघतात तरी कसं?

---

लोकमान्यनगर

रेवाताई, फार आस्थेने लिहिलंत. मी बँकेतून निवृत्त, विज्ञान शाळेतच सुटलं. माझी शंका अगदी प्राथमिक आहे. लाखो रेणूंच्या गर्दीत तुमचं ग्लुट-४ तेवढं ओळखायचं कसं? सगळी प्रथिनं सूक्ष्मदर्शकाखाली पारदर्शकच दिसत असतील ना?

---

नीलकिरण

काका, प्रश्न प्राथमिक नाही, या क्षेत्राची निम्मी गोष्ट त्याच प्रश्नात आहे. मी मूळची इंदूरची, सध्या दुसऱ्या शहरात जिवंत पेशींच्या इमेजिंगवर पीएचडी करतेय.

हो, सगळं पारदर्शकच दिसतं. ओळख पटवायला दिवा लावावा लागतो. तो दिवा एका जेलीफिशने दिला. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जेलीफिशमधून हिरवं चमकणारं प्रथिन वेगळं केलं, त्यालाच जीएफपी म्हणतात. १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचं जनुक वेगळं केलं. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते जीवाणूत आणि एका सूक्ष्म कृमीत घालून दाखवलं की जेलीफिशमधलं दुसरं काहीही न लागता ते चमकतं. रॉजर चिएन यांनी त्याचे रंग वाढवले. २००८ चं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि चिएन यांना मिळालं. खरी जादू अशी, की हा दिवा बाहेरून चिकटवावा लागत नाही. ग्लुट-४ च्या जनुकाला जीएफपीचं जनुक जोडलं की पेशी स्वतःच दिवा लावलेलं ग्लुट-४ बनवते.

रेवाताईंच्या उदाहरणात तर दोन खुणा वापरतात आणि मला ती युक्ती फार आवडते. ग्लुट-४ च्या शेपटाला जीएफपी, आणि पेशीबाहेर डोकावणाऱ्या एका वळशात ९ अमिनो आम्लांची छोटी खूण. जीएफपी सांगतं एकूण किती. बाहेरची खूण पेशी न फोडता प्रतिपिंडाने रंगवली की कळतं पृष्ठभागावर किती. दोन्हींचं गुणोत्तर काढलं की प्रत्येक पेशीचा हिशोब वेगळा मिळतो. पिशवी आवरणाला येऊन मिळते तो क्षण बघायचा असेल तर काचेला लागून असलेल्या जेमतेम १०० ते २०० नॅनोमीटरच्या थरातच प्रकाश पोचेल अशी रचना असलेला मायक्रोस्कोप घेतात. अंधारात एकेक ठिपका येतो, उजळतो आणि पसरतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दोन तास खुर्चीवरून उठले नव्हते.

आता यातली अवघड बाजू, कारण फक्त कौतुक केलं तर ते अर्धं सत्य होईल. दिवा बघायला प्रकाश टाकावा लागतो, आणि प्रकाश पेशीला इजा करतो. माझ्या पहिल्या वर्षी मी निळ्या लेसरखाली दर दोन सेकंदांनी एक फ्रेम घेत होते. वीस मिनिटांनी पेशी आक्रसायला लागल्या, गोल झाल्या, प्रथिन एका जागी गोळा झालं. मला वाटलं, औषधाचा परिणाम सापडला. तीन आठवडे त्यावर घालवले. मग एका सीनियरने विचारलं, औषध न घातलेली पण तेवढाच प्रकाश खाल्लेली पेशी कुठे आहे? ती लावली. तीही तशीच आक्रसली. सगळा परिणाम माझ्या लेसरचा होता. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक प्रयोगात दोन जादा डिश असतात: एक फक्त प्रकाशाची, एक पूर्ण अंधारातली. बघण्याने बघायची गोष्ट बदलते का, हे आधी तपासल्याशिवाय मी आता कुठल्याच फिल्मवर विश्वास ठेवत नाही, स्वतःच्याही.

म्हणूनच २०१४ मध्ये एरिक बेटझिग यांच्या गटाने आणलेली लॅटिस लाइट-शीट पद्धत मोठी वाटते. पूर्ण पेशी भाजून काढण्याऐवजी प्रकाशाचा अगदी पातळ पडदा बाजूने घालायचा, जो थर बघायचा तेवढाच उजळायचा. पेशी कितीतरी जास्त वेळ तग धरतात.

---

मल्हारगंज

वाचतोय, आणि खूप आवडतंय. मी सायन्सचा नाही, पण मला एक चित्र सुचलं ते बरोबर आहे का सांगा.

रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, राजवाड्यासमोर आली की सगळेच रंगलेले असतात, गर्दी पुढे सरकते आहे की जागच्या जागी घुसळते आहे हे गच्चीवरून कळत नाही. पण समजा सगळे पांढऱ्या कपड्यांत आहेत आणि मी गच्चीवरून एकाच घोळक्यावर गुलाल टाकला. आता पाच मिनिटांनी ते गुलाबी डोकं कुठे कुठे पोचलं ते बघितलं की गर्दीचा वेग कळेल. असं काही प्रथिनांबरोबर करतात का?

---

नीलकिरण

मल्हारगंज, अगदी असंच करतात! २००२ मध्ये असं जीएफपी तयार झालं जे आधी जवळजवळ काळोखात असतं आणि जांभळ्या प्रकाशाचा झोत पडला की उजळतं. पेशीच्या एका कोपऱ्यावर झोत टाकायचा, म्हणजे तुमचा गुलाल, आणि मग उजेड कसा पसरतो ते बघायचं.

याच्या उलटीही रीत आहे आणि ती जास्त जुनी, १९७० च्या दशकातली: सगळे चमकत असताना एका ठिपक्यावर जोरात लेसर मारून तिथले दिवे कायमचे विझवायचे. तो काळा डाग किती वेळात भरून येतो यावरून आजूबाजूची प्रथिनं किती वेगाने आत येतात ते कळतं. डाग पूर्ण भरलाच नाही तर समजायचं, काही प्रथिनं तिथे बांधलेली आहेत, हलत नाहीत.

अशाच एका मोजणीने १९९९ मध्ये दाखवलं की ई. कोलाय जीवाणूच्या आत जीएफपी पाण्यातल्यापेक्षा सुमारे ११ पट हळू पसरतं. गर्दी किती आहे याचा हा प्रत्यक्ष आकडा. परीक्षानळीत मोजलेला वेग पेशीत तसाच्या तसा लावता येत नाही, तो यामुळे.

---

पीथमपूरकर

मी औषध कंपनीत आहे, प्रयोगशाळेतच. चर्चा उत्तम, पण मला एक आक्षेप नोंदवायचाच आहे. दिवा लावलेलं प्रथिन हे तेच प्रथिन राहतं का?

आकडे बघा. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं. जीएफपीमध्ये २३८. म्हणजे इन्सुलिनला जीएफपी लावायचं तर पाठीवरचं ओझं माणसाच्या चारपटीहून जास्त. ग्लुट-४ मोठं आहे, तिथे ठीक असेल. पण लहान प्रथिनांचं काय? शिवाय अनेक जुन्या प्रयोगांत दिवा लावलेलं जनुक बाहेरून घालून भरमसाट बनवलेलं असायचं. ज्या पेशीत हजार रेणू असायचे तिथे लाख घातले, तर गर्दीचं वागणं बदलणारच.

दुसरी बाजूही सांगतो. क्रिस्पर हे जनुकात नेमका बदल करणारं तंत्र आल्यापासून पेशीच्या स्वतःच्या जनुकालाच खूण जोडता येते, त्यामुळे प्रमाण नैसर्गिक राहतं. २०२२ मध्ये मानवी पेशींत अशी १,३१० प्रथिनं एकेक करून खूण लावून बघितली गेली. ओझ्याचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही.

आमच्या धंद्यात म्हणून मला बिनदिव्याची एक पद्धत जवळची वाटते. २०१३ मध्ये स्वीडनमधून आली. अंडं तापवलं की पांढरं घट्ट होतं, कारण प्रथिन उलगडून गोळा होतं. प्रत्येक प्रथिनाचं असं घट्ट होण्याचं तापमान ठरलेलं असतं. पण औषधाचा रेणू त्याला जाऊन बसला, तर बहुतेक वेळा ते जास्त तापमान सोसतं. मग करायचं एवढंच: जिवंत पेशींचे दोन भाग घ्यायचे, एकात औषध, एकात नाही. दोन्ही पायऱ्यापायऱ्यांनी तापवायचे, पेशी फोडून गोळा झालेलं खाली बसवायचं आणि वर काय विरघळलेलं उरलं ते मोजायचं. औषध पेशीच्या आत शिरलं का, आणि शिरून योग्य प्रथिनाला धरलं का, याचं उत्तर कुठलीही शेपटी न लावता मिळतं. शुद्ध प्रथिनाला घट्ट धरणारी, पण पेशीत काहीच न करणारी संयुगं मी स्वतः पाहिली आहेत. त्यातली काही तर आवरणातून आतच जात नव्हती. हे आधी कळलं असतं तर कित्येकांची वर्षं वाचली असती.

---

वजनकाटा

पीथमपूरकरांशी सहमत. मी मास स्पेक्ट्रोमीटरवर काम करतो, म्हणजे रेणूंचा वजनकाटा. होळकर कॉलेजचा माजी विद्यार्थी, आता हैदराबादला असतो.

रेवाताई, तुम्ही प्रथिनांच्या जन्ममरणाचा उल्लेख करून पुढे गेलात, मला तिथेच थांबावंसं वाटतं. १९३० च्या दशकापर्यंत समज असा होता की मोठ्या माणसाचं शरीर हे इंजिनासारखं आहे: यंत्र तेच राहतं, अन्न हे इंधन, जळून जातं. रुडॉल्फ शोनहायमर यांनी उंदरांना जड नायट्रोजन असलेलं अमिनो आम्ल खायला घातलं. उंदरांचं वजन वाढत नव्हतं, म्हणजे नवीन बांधकाम नसायला हवं. पण तो जड नायट्रोजन मोठ्या प्रमाणात शरीराच्या प्रथिनांमध्येच जाऊन बसलेला सापडला. यंत्र स्वतःच सतत मोडलं आणि बांधलं जात होतं. शोनहायमर १९४१ मध्ये गेले, पण आज आम्ही जे करतो ते त्यांचंच काम आहे, फक्त काटा हजारपट बारीक झालाय.

आजची रीत अशी: पेशींना नेहमीच्या खाद्यातून काढून जड लायसिन-आर्जिनिन (ही दोन अमिनो आम्लं) असलेल्या खाद्यावर आणायचं आणि घड्याळ सुरू करायचं. त्यानंतर जन्मलेलं प्रत्येक प्रथिन जड, आधीचं हलकं. रासायनिक वागणूक तीच, त्यामुळे ओझ्याचा आक्षेप इथे लागत नाही. काही तासांनी प्रत्येक प्रथिनात जड किती, हलकं किती हे मोजलं की त्याचं वय निघतं. २०११ मध्ये बर्लिनच्या एका गटाने उंदराच्या पेशींत ५,००० हून जास्त प्रथिनांचं असं मोजमाप केलं. मधलं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे रेणू मोडायला लागणारा वेळ, ४६ तास. ज्या आरएनएवरून ती बनतात त्यांचं फक्त ९ तास.

आणि टोकं बघा. पी५३ हे कर्करोगापासून राखण करणारं प्रथिन निरोगी पेशीत काही मिनिटांतच मोडलं जातं, अर्धायुष्य विसेक मिनिटं. उलट डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातली क्रिस्टॅलिन प्रथिनं आपल्या जन्माच्या आसपासची असतात आणि शेवटपर्यंत तीच राहतात. उंदरांच्या मेंदूत केंद्रकाच्या दारांची काही प्रथिनं वर्षाहून जास्त टिकलेली सापडली आहेत. एकाच शरीरात वीस मिनिटं आणि आयुष्यभर! मी हे विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा मला स्वतःलाच दर वेळी नव्याने थांबावं लागतं.

शेजार कोण आहे हे शोधायलाही पद्धत आहे. एका प्रथिनाला असं विकर जोडायचं की ते अगदी जवळ येणाऱ्या प्रत्येकावर बायोटिन या छोट्या रेणूचा शिक्का मारेल. मग पेशी फोडून शिक्केवाले तेवढे गोळा करायचे आणि काट्यावर ओळखायचे. २०१२ च्या पहिल्या रूपात शिक्के मारायला १८ तास लागायचे. एवढ्या वेळात कोण येऊन गेलं आणि कोण राहतं हे सगळं एक व्हायचं. २०१८ मध्ये ॲलिस टिंग यांच्या गटाने त्याच विकराचं वेगवान रूप केलं, त्याला १० मिनिटं पुरतात. आता इन्सुलिन द्यायच्या आधीची दहा मिनिटं आणि नंतरची दहा मिनिटं, असे शेजारी वेगळे विचारता येतात.

---

तुकोगंज_डॉक्टर

वजनकाटा यांनी वयाचा मुद्दा काढला म्हणून लिहितो. प्रथिनाच्या वयावर चालणारी एक तपासणी तुमच्यापैकी अनेकांच्या फायलीत आहे: एचबीए१सी.

हिमोग्लोबिनला रक्तातली साखर हळूहळू, विकराशिवाय चिकटत जाते. तांबड्या पेशीला केंद्रक नसतं, ती नवं हिमोग्लोबिन बनवत नाही. जे घेऊन निघाली तेच घेऊन साधारण १२० दिवस फिरते. म्हणून चिकटलेल्या साखरेच्या टक्क्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी समजते. पण हा हिशोब पेशी तेवढे दिवस जगते या गृहीतावर उभा आहे. तांबड्या पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल, रक्तस्राव झाला असेल किंवा नुकतं रक्त चढवलं असेल तर पेशी सरासरीने तरुण असतात आणि आकडा फसवा कमी येतो. लोहाच्या कमतरतेत उलटं, तो जास्त दिसू शकतो. मी रिपोर्ट बघताना हिमोग्लोबिनचा आकडा शेजारी ठेवूनच बघतो. रुग्णांनीही दोन्ही कागद बरोबर आणावेत ही विनंती.

---

नीलकिरण

वजनकाटा सर, तुमच्या पद्धतीबद्दल पूर्ण आदर ठेवून एक मुद्दा. काट्यावर टाकायला पेशी फोडाव्या लागतात, आणि नेहमीच्या प्रयोगात त्या लाखोंनी एकत्र फोडल्या जातात. जो आकडा येतो तो त्या सगळ्यांची सरासरी. तुम्हीच पी५३ चं नाव घेतलंत, त्याचीच गोष्ट सांगते.

डीएनएला इजा झाली की पी५३ वाढतं हे जुनं ज्ञान. पेशी फोडून दर तासाला मोजलं तर पी५३ वर जातं, खाली येतं, परत थोडं वर जातं, मग विझत गेल्यासारखं दिसतं. लोकांनी मानलं की प्रतिसाद असाच हळूहळू शमतो. २००४ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत पी५३ ला दिवा लावून एकेक जिवंत पेशी तासन्‌तास बघितली. शमत काही नव्हतं! एकेका पेशीत पूर्ण उंचीच्या लाटा येत होत्या, काही तासांच्या अंतराने. एखाद्या पेशीत एक, एखाद्या पेशीत दोन, कुठे आणखी. आणि इजा जास्त केली तर लाट उंच होत नव्हती, लाटांची सरासरी संख्या वाढत होती. म्हणजे पेशी इजेचा आकडा उंचीत नाही, मोजणीत लिहीत होती.

मग सरासरीत ते विझल्यासारखं का दिसलं? गणपतीच्या आरतीत सुरुवातीला सगळ्यांच्या टाळ्या एका ठेक्यात असतात. थोड्या वेळाने कुणी पुढे जातं, कुणी मागे. बाहेरच्या खोलीतून ऐकणाऱ्याला ठेका विरला असं वाटतं. आत मात्र प्रत्येकजण पूर्ण जोराने टाळी वाजवतोच आहे.

माझ्या दृष्टीने जिवंत पेशीत बघण्याची गरज दाखवणारा याहून चांगला दाखला नाही. ते उत्तर हजार पेशी एकत्र वाटून निघालंच नसतं, वाटण कितीही बारीक केलं तरी.

---

वजनकाटा

मान्य, अगदी मान्य. एकट्या पेशीतली प्रथिनं वजनावर मोजण्याचं काम आता वेगाने पुढे येतंय, पण तिथेही पेशी फुटते, तिची पुढची लाट बघता येत नाही. माझी बाजू एवढीच की तुम्ही दोन-तीन, फार तर चार रंग एका वेळी बघता, आम्ही हजारो प्रथिनं. कुठल्या प्रथिनाला दिवा लावायचा हे ठरवायला काटा लागतो, आणि काट्याने दिलेल्या नावाचं वागणं बघायला दिवा. आमच्याकडे दोन्ही गट एकाच मजल्यावर बसतात, ते त्यामुळेच.

---

लोकमान्यनगर

माझी परत एक शंका. जेवणानंतर इन्सुलिन ओसरलं की ते बाहेर आलेलं ग्लुट-४ कुठे जातं? मोडून टाकतात का?

---

नीलकिरण

नाही काका, बहुतेक परत आत ओढलं जातं. आवरणाचा तेवढा तुकडा आत वळतो, पिशवी बनते, आत वेगवेगळ्या ठिकाणांतून फिरत ते पुन्हा त्या राखीव पिशव्यांत जाऊन बसतं. पुढच्या जेवणाला तेच रेणू परत कामावर. आतमध्ये ते नेमकं कुठल्या वळणावर इतर प्रथिनांपासून वेगळं निवडलं जातं, यावर आजही अनेक प्रयोगशाळा काम करतायत.

---

रेवाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मी हा सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. पी५३ च्या लाटांपाशी त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "तू सुरुवातीला स्फटिकांना थांबलेलं म्हटलंस ते मला पटलं नाही. प्रथिनाच्या स्फटिकात साधारण निम्मं पाणी असतं. मिठाच्या खड्यासारखा तो ठोकळा नसतो. बीमलाइनवरची, म्हणजे क्ष-किरणांच्या त्या वाटेवर काम करणारी मुलं स्फटिक किती जपायची, माहितीये?"

मी शोधलं, आणि बाबांचं बरोबर निघालं. माझी चूक इथेच दुरुस्त करते. अनेक विकरं स्फटिकात असतानाही काम करतात, पाण्याच्या वाटांनी त्यांचं खाद्य आत शिरतं. आणि माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर तर १९३८ मध्येच कुणीतरी डोळ्यांनी पाहिलं होतं! फेलिक्स हाउरोविट्झ ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. काचेच्या कडेने हवा आत शिरली आणि षटकोनी चकत्या मोडून त्यांच्या जागी सुयांसारखे नवे स्फटिक तयार झाले. ऑक्सिजन घेताना रेणूचा आकारच एवढा बदलतो की जुनी मांडणी टिकू शकत नाही. मॅक्स पेरुट्झ यांनी पुढे दोन्ही स्थितींच्या रचना काढून तो बदल अणूंच्या पातळीवर दाखवला.

फोटोंपासून चित्रपट करायची वाटही आता उघडली आहे. २०१६ मध्ये जपानच्या एक्स-रे लेसरवर, प्रकाशाने चालणाऱ्या एका प्रथिनाच्या स्फटिकांना हिरव्या प्रकाशाचा झटका देऊन नॅनोसेकंदांपासून मिलिसेकंदांपर्यंत वेगवेगळ्या क्षणी रचना घेतल्या आणि ओळीने लावल्या. आणि पेशीच्या आत हेच करायचं तर गोठवण्याची पद्धत आहे. पेशी इतक्या झटकन गोठवायची की पाण्याचा बर्फ बनायलाही सवड मिळू नये, तिचा शे-दोनशे नॅनोमीटरचा पापुद्रा करायचा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात तिरका करत करत चित्रं घ्यायची. २०२२ मध्ये एका लहानशा जीवाणूत या रीतीने हजारो रायबोसोम प्रथिन विणता विणता पकडले गेले. प्रत्येक रायबोसोम वेगळ्या टाक्यावर थांबलेला. सगळे क्रमाने लावले की विणण्याची पूर्ण फेरी दिसते. प्रतिजैविक दिल्यावर कुठल्या टाक्यावर गर्दी साचते तेही दिसलं.

पेशी मेलेली, तरी हालचाल कळली. पण त्या फेरीला किती वेळ लागतो हे गोठलेली पेशी सांगू शकत नाही, फक्त कुठल्या टप्प्यावर किती रेणू आहेत तेवढं सांगते. घड्याळासाठी परत नीलकिरणच्या दिव्याकडे यावंच लागतं. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

शनिवारी वर्गात ही मांडणी करणार आहे: आधी हाउरोविट्झचे स्फटिक, मग ग्लुट-४ चे दोन फोटो आणि मुलांनाच प्रश्न की यातून येणारे वाढले की जाणारे घटले ते सांगा. ती अडली की पी५३. मल्हारगंज, गेरीचं उदाहरण वापरू का? आमच्या मुलांना त्याहून जवळचं दुसरं काही नाही.

---

मल्हारगंज

जरूर वापरा ताई, विचारायचं काय त्यात. फक्त एक सांभाळा. गेरीत टँकरने रंग उडवतात तो सगळ्यांवर एकदम पडतो, ते उदाहरण दिलंत तर मुलं गोंधळतील. गच्चीवरून एकाच घोळक्यावर टाकलेला सुका गुलाल घ्या, आणि किती वाजता टाकला ते फळ्यावर लिहून ठेवा.